लाटेपासून चालत पाच मिनिटांवर

सर्फर माणूस घर बघायला गेला की घराकडे पाठ करून उभा राहतो. एजंट आतून हाका मारत असतो, या, ओटा बघा, कपाटं बघा, नळाला पाण्याचा जोर बघा. आणि हा बाहेर कठड्याला रेलून, डोळे किलकिले करून, ओठ हलवत काहीतरी मोजत असतो. एजंटला वाटतं, गिऱ्हाईक भाड्याचा हिशोब करतंय. खरं तर तो एका लाटेमागून दुसरी लाट यायला किती सेकंद लागतात ते मोजत असतो. बारा आले तर खोल्या लहान असल्या तरी चालतात. सोळा आले तर छप्पर नसलं तरी चालतं.

हे मी अधिकाराने सांगते, कारण अशा माणसाशी माझं लग्न झालेलं आहे. लग्न झालं तेव्हा तो सर्फर नव्हता. तेव्हा तो कोथरूडमध्ये राहणारा आणि पोहायला टिळक तलावावर जाणारा सरळ माणूस होता. मग कंपनीने त्याला चेन्नईला पाठवलं. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथली मुलं सर्फिंग शिकवतात आणि फारच चांगलं शिकवतात. नवरा परत आला तो खांदे आणि बोलणं दोन्ही बदलून. पूर्वी आभाळाकडे बघून "पाऊस येईलसं वाटतं" म्हणायचा. आता पोहे खाता खाता फोनकडे बघून "खाली मोठं वादळ बसलंय" म्हणतो. खाली म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवर.

पुढे कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, आणि घर कुठे असावं हे सांगायला विसरली.

"आपण समुद्राकाठी राहायला जाऊ," असं त्याने जाहीर केलं तेव्हा सासूबाईंना आनंद झाला. आमचं मूळ गाव बांदा, सावंतवाडीच्या खाली. "मग वेंगुर्ल्याला घे घर," त्या म्हणाल्या. "मासे ताजे, माणसं आपली." त्यावर नवऱ्याने शाळेतला नकाशा काढला, आणि आम्हाला पहिल्यांदाच कळलं की कोकणच्या समुद्रात खोट आहे.

ती खोट अशी. चांगली लाट म्हणजे लांबून आलेली लाट. हजारो किलोमीटरवर कुठेतरी वादळ होतं, समुद्र घुसळतो, त्यातून निघालेल्या लाटा आपापल्या वेगाप्रमाणे वाटेत वेगळ्या होतात आणि ओळीने, अंतर राखून किनाऱ्याला लागतात. जितका प्रवास मोठा तितकी शिस्त जास्त. १९६३ साली वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने दक्षिण महासागरात उठलेल्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला होता. सोळा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे संध्याकाळी कर्वे रोडवर असलेल्या कुठल्याही वाहनापेक्षा जोरात. आता अरबी समुद्राची उत्तरेची बाजू बंद, तिकडून लांबची लाट येण्याचा प्रश्नच नाही. दक्षिणेकडून जे येतं ते मुंबईसमोरच्या उथळ तळावर, जो सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, पाय घासत येतं आणि किनाऱ्याला लागेपर्यंत दमतं. पावसाळ्यात लाटा असतात, पण त्या जवळच्याच वाऱ्याने उठवलेल्या, धसमुसळ्या, एकीच्या अंगावर एक. तेव्हा कोळीसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात. आणि दिवाळीनंतर समुद्र निजतो तो थेट मे महिन्यापर्यंत. विरारजवळ राजोडीच्या किनाऱ्यावर काही मुलं तरीही बोर्ड घेऊन उतरतात. त्यांच्या चिकाटीला माझा दंडवत.

भारताच्या समुद्रातल्या लाटांचा अंदाज देणारी सरकारी संस्था हैदराबादला आहे, हेही मला याच व्याख्यानात कळलं. लाटांची काळजी करायला समुद्राशेजारी राहावं लागत नाही, हे सरकारला उमगलंय. नवऱ्याला नाही.

मग एक्सेल आलं. आयटीतला माणूस प्रेमात पडला तरी आधी कॉलम पाडतो. लाटांची दिशा, सेकंद, पाण्याचं तापमान, भरती-ओहोटीतला फरक, तळाला वाळू की खडक की प्रवाळ, वारा. वाऱ्याला दोन कॉलम होते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जो हलका वारा वाहतो तो लाटेचं तोंड उभं धरून ठेवतो, आणि दुपारी समुद्राकडून सुटला की सगळं विस्कटतं. आम्हाला भूगोलाच्या पेपरात "खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा" हा प्रश्न दोन गुणांना असायचा. त्या दोन गुणांवर पुढे कोणी संसार हलवील असं आमच्या बाईंना स्वप्नातही वाटलं नसेल. मी त्यात माझे कॉलम घातले: डॉक्टर, भाजी, भाडं, भाषा, आणि शेवटी "लाट नसेल त्या दिवशी काय?" त्याने मन लावून सगळे भरले. तो शेवटचा रिकामा ठेवला.

या माणसांच्या लेखी देश म्हणजे लाटेच्या मागची पार्किंगची सोय. इतिहास, संविधान, चलन, राष्ट्रगीत, हे सगळं किनाऱ्यापासून दोनशे मीटर आत सुरू होतं आणि तिथवर ती जातच नाहीत. मोरोक्को म्हटलं की त्याला तागाझूतची अँकर पॉइंट दिसते, पेरू म्हटलं की चिकामाची न संपणारी लाट. माचू पिचू कुठे आहे असं विचारलं तर म्हणाला, "आतल्या बाजूला असेल." पेरू सरकारने चांगल्या लाटांना कायद्याने संरक्षण दिलंय हे मात्र त्याला कलमांसकट माहीत.

हवाई पहिल्याच संध्याकाळी बाद झालं. सर्फिंग जिथे वाढलं ती ही बेटं, पण ओआहूच्या उत्तर किनाऱ्याच्या नावाजलेल्या लाटा हिवाळ्यातल्या. उन्हाळ्यात त्याच पाण्यात लहान मुलं डुंबतात. शिवाय अमेरिकेचं ग्रीन कार्ड. भारतीयांची रांग बघता अर्ज आपण भरायचा आणि लाटेवर पणतूने उभं राहायचं. रीयुनियन बेट मी बाद केलं: शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ साली तिथे सर्फिंगवर बंदी आली होती, एवढं वाचून दाखवणं पुरलं. दक्षिण आफ्रिकेतलं जेफ्रीज बे मात्र त्याने हट्टाने ठेवलं. २०१५ साली तिथे स्पर्धेच्या अंतिम फेरीत, थेट प्रक्षेपण चालू असताना, मिक फॅनिंग या ऑस्ट्रेलियन सर्फरवर शार्क चालून आला. फॅनिंग धडधाकट बाहेर आला आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यात स्पर्धा जिंकला. "बघ, किती सुरक्षित आहे," नवरा म्हणाला.

कोस्टा रिका सासूबाईंना मनापासून आवडलं होतं. त्या देशाने १९४८ साली सैन्यच मोडीत काढलं हे ऐकून त्या "शहाणी माणसं" म्हणाल्या. पत्ते सांगायची पद्धत तर फारच पसंत पडली. तिथे घराचा नंबर कोणी सांगत नाही. खुणेची जागा सांगायची आणि तिथून किती मीटर, कुठल्या दिशेला, ते सांगायचं. सान होसे शहरात अजूनही "जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला" अशा तऱ्हेचे पत्ते चालतात, आणि तो उंबर केव्हाच गेलाय. "म्हणजे सदाशिव पेठच की," सासूबाई म्हणाल्या. पण तिथे किनाऱ्याची पहिली ५० मीटर पट्टी सार्वजनिक, त्यामागची १५० मीटर सरकारी परवान्यावर, आणि परदेशी माणसाला तो परवाना त्या देशात पाच वर्षं राहिल्याशिवाय नाही. शिवाय तामारिंदो गावच्या खाडीत मगरी आहेत. "भरतीच्या वेळी नसतात," नवरा म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं ते कळलं नाही. मगरीने तर नक्कीच नाही.

बाली मात्र एक्सेलमध्ये बरेच दिवस पहिल्या नंबरावर होतं, आणि माझाही विरोध नव्हता. देवळं आहेत, भात आहे, नारळ आहे, घाटी माणसाला आणि कोकण्याला दोघांनाही बरं वाटेल असं सगळं आहे. आम्ही तिथे जाऊन राहून बघितलं. उलुवातूचं देऊळ उंच कड्यावर आहे, आणि जवळच कड्याखाली ती लाट. पायऱ्या उतरून एका गुहेत शिरायचं, गुहेत समुद्र आत-बाहेर करत असतो, त्यातूनच बोर्डवर पोटावर पडून वल्हवत निघायचं. आणि येताना नेमकं त्याच तोंडात परत शिरायचं. नेम चुकला की प्रवाह पुढे घेऊन जातो. वर देवळात माकडं आहेत. ती चष्मे आणि फोन पळवतात आणि खाऊ दिल्याशिवाय सोडत नाहीत. किमती वस्तू असेल तर चांगल्या खाण्यासाठी अडून बसतात, आणि यावर शास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास करून निबंध छापलाय. नवरा खाली प्रवाळावर गुडघे सोलून घेत होता तेव्हा मी वर एका माकडाशी माझ्या चष्म्याचा सौदा करत होते. संध्याकाळी दोघांनी एकमेकांना फारसं काही विचारलं नाही.

१९७२ च्या एका ऑस्ट्रेलियन चित्रपटात उलुवातूची लाट पहिल्यांदा जगाला दिसली. त्यात पाण्यात मोजून दोन माणसं आहेत. त्यानंतर ती रिकामी कोणी पाहिली असेल तर त्याने सांगितलं नसावं. आपल्याकडे लग्नात पहिली पंगत जेवत असताना लोक तिच्या पाठीशी उभे राहून पुढच्या पंगतीची जागा धरतात, तसे तिथे सर्फर लाटेच्या कडेला बोर्डांवर बसून असतात. फरक इतकाच की इथे जेवणारा उठतच नाही. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती लाट, असा नियम आहे. लेखी नाही, पण मोडला तर उच्चारी खूप काही ऐकावं लागतं. तासन्‌तास पाण्यात राहून प्रत्यक्ष लाटेवर उभं राहणं मिनिटांत मोजायचं. बाकी सगळा वेळ वल्हवणं आणि बसणं. एवढंच बसायचं तर पुण्यात काय वाईट होतं, असं मी एकदा विचारलं. "तिथे बसायला कारण नव्हतं," तो म्हणाला.

बालीत परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, वर्षांच्या बोलीवर भाडेपट्टा मिळतो. चांगूच्या बाजूला भातखाचरं बुजवून बंगले आलेत आणि उरलेल्या खाचरांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर, एका बाजूला बोर्ड अडकवलेल्या स्कूटरींची अशी कोंडी होते की मला आपल्या लक्ष्मी रोडची आठवण येऊन भरून आलं. हे सगळं नवऱ्याने पोटात घातलं. बाली बाद झालं ते न्येपीमुळे.

न्येपी म्हणजे बालीचं नवं वर्ष. तिथेही शकच चालतो, आपल्या पंचांगावरचाच, इसवी सन ७८ पासून मोजलेला. २०२३ साली तर न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले आणि दोन्हीकडे शके १९४५ लागलं. पण आपण त्या दिवशी ढोल बडवतो. ते लोक आदल्या संध्याकाळी मोठमोठी राक्षसांची सोंगं मिरवून काय तो गोंगाट आटपून घेतात आणि मग २४ तास गप्प बसतात. दिवे नाहीत, गाड्या नाहीत, विमानतळ बंद, घराबाहेर पडायचं नाही, आणि गावचे रखवालदार गस्त घालून हे पाळायला लावतात. डोंबिवलीत वाढलेल्या, दर पाडव्याला शोभायात्रा सोसलेल्या माझ्यासारखीला हा स्वर्गच वाटला. नवऱ्याचा मात्र चेहरा उतरला. वर्षातली सगळ्यात चांगली लाट नेमकी त्याच दिवशी आली तर? घरात दिवा मालवून नुसती ऐकायची? उरलेले ३६४ दिवस मोकळे होते, पण तो त्या एका दिवसाशी भांडत बसला आणि अखेर बालीची ओळ राखाडी रंगात गेली.

माझा उमेदवार होता मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांची वंशावळ तिथे आहे, मराठी मंडळ्या आहेत, शाळेत मराठी शिकता येतं, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. २०२० पासून घरून काम करणाऱ्यांसाठी वर्षभराचा व्हिसा आहे आणि तेव्हा त्याला फी नव्हती. फी नाही हे वाक्य मी घरात दोनदा वाचलं. लाटही आहे, तामारिन उपसागरातली, एके काळची जगप्रसिद्ध. अडचण एवढीच की ती फुटायला नैऋत्येकडून लांबच्या लाटांचा भलामोठा ताफा बरोबर त्या खाचेत शिरावा लागतो. एक्सेलमध्ये तिच्यासमोर नवऱ्याने "क्वचित" लिहिलं होतं. क्वचित फुटणाऱ्या लाटेचा एक फायदा मला स्पष्ट दिसत होता, पण तो कॉलममध्ये बसवता येईना.

या तामारिनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण सर्फर मंडळींचा स्वभाव तिच्यात पुरता उतरलाय. १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने तिथे चित्रपट काढला आणि लाट बिघडू नये म्हणून बेटाचं खरं नाव दडवून त्याला "सांतोशा" म्हटलं. म्हणजे लाट साऱ्या जगाला पडद्यावर दाखवायची, फक्त पत्ता द्यायचा नाही. पुढे काय झालं असेल हे सांगायला नको. जगभरचे सर्फर नकाशे पसरून बसले आणि सांतोशाचं मॉरिशस व्हायला वेळ लागला नाही. मग तिथल्या स्थानिक सर्फरांनी पाहुण्यांना पाण्यातून हुसकावण्याबद्दल नाव कमावलं. नामिबियाच्या वाळवंटाकाठची स्केलेटन बे नावाची लाटही अशीच. सर्फिंगच्या एका मासिकाने २००७ च्या सुमारास, गूगल अर्थवर नवी लाट शोधून दाखवा, अशी स्पर्धा लावली आणि कॅलिफोर्नियातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने घरी बसून ती काढली. ही गोष्ट ऐकल्यापासून माझा नवरा रात्री अंथरुणात लॅपटॉप घेऊन आफ्रिकेचा किनारा खालपासून वर बघत असतो. नवी सापडली तर कोणाला सांगणार नाहीस ना, असं विचारलं तर दुखावला. "तुलासुद्धा नाही," म्हणाला.

प्रत्येकाची इच्छा एकच: आपण पोचावं आणि आपल्या मागे दार लागावं. आधी आलेले ते लोकल, आपण ते समजूतदार, आणि आपल्यानंतर येणारे ते पर्यटक. ही वर्गवारी प्रत्येकजण स्वतःच्या विमानाच्या तारखेवरून करतो.

ऑस्ट्रेलियावर फार वेळ गेला नाही. मेलबर्नमध्ये नातेवाईक आहेत, गणपती आहेत, चितळ्यांची बाकरवडी मिळते. बेल्स बीच शंभरेक किलोमीटरवर. ईस्टरच्या सुमाराला तिथे भरणारी स्पर्धा साठच्या दशकापासून चालू आहे. आपली माणसं राहतात तो पश्चिमेचा भाग तर त्याच रस्त्यावर. पण तिथून लाटेपर्यंत तासभर गाडी. "तास?" नवरा म्हणाला. लाटेसाठी हा माणूस तीन विमानं बदलून जाईल, पण घरापासून ती चालत पाच मिनिटांवरच पाहिजे. ओले पाय घेऊन गाडी चालवावी लागू नये, एवढंच म्हणणं. तेही मी मान्य केलं, कारण ओल्या सीटवर शेवटी कोण बसतं?

राहिलं पोर्तुगाल. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी घरून काम करणाऱ्यांसाठी व्हिसा काढला; तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवा आणि या. एरिसेइरा हे लिस्बनच्या वायव्येचं कोळ्यांचं गाव नवऱ्याने हेरलं. एकापाठोपाठ एक सात नावाजलेल्या लाटा, आणि २०११ पासून तो पट्टा जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र, युरोपातला पहिला. राखीव असण्याला अर्थ आहे. उत्तर स्पेनच्या मुंदाका गावची लाट नदीच्या मुखातली वाळू उपसल्यावर काही काळ नाहीशीच झाली आणि तिथली स्पर्धा रद्द करावी लागली. माणूस घराचं कर्ज पंचवीस वर्षांचं काढतो आणि लाट उभी असते वाळूवर.

बातमी सासूबाईंना सांगायची होती. आणि इथे घरातला इतिहास आडवा आला. माझे आजेसासरे १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या हद्दीवर गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते. बांद्याहून पत्रादेवी हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी तिथे पोर्तुगीजांनी गोळीबार केला, माणसं मेली. आजोबा खांद्यावर लाठीचा वळ घेऊन परत आले. तो वळ सासूबाईंनी पाहिलेला आहे. "मामंजींनी ज्यांना हाकलायला काठ्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या, "त्यांच्या दारात तू अर्ज घेऊन उभा राहणार?"

नवरा गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण त्याने तेवढ्यात कायदा वाचला होता. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जे जन्मले, त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं. तसं केलं की भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, पण हद्दीपलीकडच्या गावांतले कितीतरी जण त्या पासपोर्टवर युरोपात पोचलेत. "म्हणजे आजोबांनी घर फक्त चार मैल खाली बांधलं असतं ना..." एवढंच तो म्हणाला. सासूबाईंनी त्यानंतर त्याच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलायला सुरुवात केली.

आम्ही हद्दीच्या अलीकडचे, म्हणून रीतसर रांगेत. व्हिसासाठी तिथल्या घराचा भाडेकरार हवा. करारासाठी तिथला कर-क्रमांक हवा, बँकेत खातं हवं. म्हणजे राहायला जाण्याची परवानगी मिळण्यासाठी आधी तिथे राहण्याचा पुरावा. घर व्हिडिओ कॉलवर घ्यावं लागलं. एजंटबाई उत्साहाने ओव्हन उघडून दाखवत होती आणि नवरा तिला सारखा कॅमेरा खिडकीबाहेर फिरवायला सांगत होता. "थोडा डावीकडे. आता धर तसाच. एक मिनिट." ती बिचारी हात ताणून उभी. इकडे हा घड्याळ लावून मोजतोय. तेरा आले. घर ठरलं.

घराला भिंती आहेत हे मी पोचल्यावर पाहिलं. त्यांतून पाणी येत होतं. पोर्तुगालच्या जुन्या घरांत हिवाळ्यात ऊब ठेवायची सोय नसते. बाहेरून आत आलं की स्वेटर चढवायचा असतो. बुरशी कोकणातल्या घराला नवी नाही, पण आमच्याकडे ती नवरात्रापर्यंत जाते, इथे नवरात्रानंतर येते. हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र आणलं, त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ भरते. समुद्राचं पाणी हिवाळ्यात चौदा-पंधरा अंश आणि उन्हाळ्यातही फार तर वीस, म्हणून अंगाला चिकटणारा जाड रबरी वेटसूट लागतो. तो घालायला एक माणूस आणि काढायला दोन लागतात. ओला वेटसूट न्हाणीघरात टांगलेला असतो. रात्री दिवा न लावता गेलं की कोणीतरी उभं आहे असं वाटतं. तो वाळायच्या आधी पुन्हा घालायची वेळ येते. एक्सेलमध्ये या गोष्टीला कॉलम नव्हता.

आणि लाट नसेल त्या दिवशी काय? तो कॉलम मी भरत चालले आहे. अटलांटिक कधी अगदीच पडून असतो, कधी इतका खवळतो की उतरण्यात अर्थ नसतो, आणि दोन्ही दिवशी नवरा पिंजऱ्यातल्यासारखा खिडकीशी येरझारा घालतो. मी मात्र गावातल्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर जाते. ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही कोसळली तेव्हा पोर्तुगालचा शेवटचा राजा दुसरा मॅन्युएल याच वाळूवरून होडीत बसून देशाबाहेर गेला. राजाला जिथून देश सोडावासा वाटला तिथे जगभरची माणसं आपापला देश सोडून येतात आणि भाडं वाढवून ठेवतात. माफ्राचा राजवाडा इथून जवळ. त्याच्या ग्रंथालयात वटवाघळं पाळल्यासारखी राहतात आणि पुस्तकांना लागणारे किडे रात्री खातात. ग्रंथपालांची एवढी निष्ठावान जमात मी दुसरीकडे पाहिली नाही. एकदा नाझारेला गेलो. तिथे समुद्राच्या तळाची प्रचंड दरी थेट किनाऱ्यापर्यंत येते, मुंबईच्या अगदी उलट, त्यामुळे लाट न दमता येते. २०२० साली सेबास्टियन स्टॉइडनर हा जर्मन तिथे २६.२१ मीटरच्या लाटेवरून उतरला. तो जागतिक विक्रम ठरला. नवरा किल्ल्यावर दीपगृहापाशी हात जोडल्यासारखा उभा होता. मी खाली वाळूत बायका जाळ्यांवर मासे वाळवत होत्या तिकडे गेले आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मीठ कमी लावलंय त्यांनी," म्हणाल्या. मग, "पोचलात ना नीट? त्याला म्हणावं, कान कोरडे करत जा." पोर्तुगीज मुद्द्यावर घरात तह झाला तो असा.

नवरा इथे रमला हे मला नेमकं कधी कळलं ते सांगते. आमचं सामान अजून खोक्यांत होतं. रिबेइरा द'इल्याशच्या वरच्या गाडीतळावर चारजण हाताची घडी घालून ओळीत उभे होते: दोन जर्मन, एक ब्राझीलचा, आणि शेवटी आमचे हे. खाली पाण्यात पन्नासेक डोकी. नवीन आलेल्या एका व्हॅनमधून आणखी पाच बोर्ड उतरत होते.

"पाच वर्षांपूर्वी अशी गर्दी नव्हती," पहिला जर्मन म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वीसुद्धा नव्हती," ब्राझीलवाला म्हणाला.

माझ्या नवऱ्याने एक मोठा सुस्कारा सोडला. "गेल्या मंगळवारीसुद्धा नव्हती," तो म्हणाला.

तिघांनीही गंभीरपणे माना डोलावल्या.